समुद्राकाठचा रिकामा वाडा आपल्याला इतका का ओढतो?

काळीमाती (तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ)

सर्वांना नमस्कार. कापसाचा दुसरा वेचा आटोपल्यावर आणि तूर कापणीला येण्यापूर्वी जी आठ-दहा दिवसांची सवड मिळते, त्या सवडीत यंदा आम्ही चार कुटुंबे मिळून अलिबाग-मुरूडकडे जाऊन आलो. आमच्यापैकी निम्म्याहून अधिक जणांनी समुद्र प्रथमच पाहिला. होडीतून जंजिरा पाहिला, मासळी खाल्ली, पोरांनी वाळूत मनसोक्त लोळून घेतले. परंतु परत येऊन महिना उलटला, तरी माझ्या मनात ना किल्ला आहे ना समुद्र. मनात आहे तो मुरूडच्या अलीकडे, अलिबागच्या रस्त्यावरून दिसणारा नवाबांचा राजवाडा. जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांसाठी 1885 साली तो बांधला गेला, असे आमच्या गाडीवाल्याने सांगितले. आजही ती खासगी मालमत्ता आहे आणि आत कोणाला सोडत नाहीत. आम्ही फाटकाबाहेरच उभे राहिलो. वर कमानी, मिटलेल्या खिडक्या, माजलेली झाडे आणि खाली उघडा समुद्र, एवढेच दिसत होते. तरी मी तिथून अर्धा तास हललो नाही, आणि शेवटी सौभाग्यवतींना हाक मारून मला गाडीत बसवावे लागले.

आता माझी अडचण सांगतो. आमच्या गावातही देशमुखांचा वाडा गेली वीसेक वर्षे कुलूपबंद आहे. त्याला ढेलज (दरवाजालगतची बाहेरची बैठक) आहे, सागवानी खांब आहेत, हत्ती जाईल एवढा दरवाजा आहे. शेतात जाताना आणि येताना असा दिवसातून दोनदा मी त्याच्यासमोरून जातो, आणि आजवर एकदाही थांबलेलो नाही. त्याच्या भिंतीला आमच्या गल्लीतील बायांच्या गोवऱ्या लागलेल्या असतात, त्याही नजरेला पडत नाहीत. मग तिथे समुद्राकाठी मला नेमके काय झाले होते? हा समुद्राचा गुण आहे, परकेपणाचा आहे, की ‘आत येऊ नका’ या पाटीचा?

जाता जाता एक व्यवहाराचा प्रश्न. सोबतच्या एका मित्राला असे वाटू लागले आहे की किनाऱ्यावर असा एखादा रिकामा जुना बंगला चौघांनी मिळून विकत घ्यावा. त्याला काय सांगावे?

निवृत्त अभियंता (आर्वी, जिल्हा वर्धा)

भाऊ, आपला प्रश्न वाचून मला माझी रत्नागिरीची वर्षे आठवली. नोकरीच्या निमित्ताने मी तिथे राहिलो आहे आणि जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामे जवळून पाहिली आहेत. त्यामुळे माझे उत्तर थोडे दगडामातीचे असेल, ते गोड मानून घ्यावे.

रत्नागिरीत थिबा राजवाडा आहे. आपण पाहिलेला राजवाडा ज्या साली बांधला गेला, त्याच 1885 साली इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला गादीवरून उतरवले आणि पुढे रत्नागिरीला आणून ठेवले. त्याच्यासाठी मुद्दाम बांधलेला हा राजवाडा तयार होऊन तो राहायला गेला 1910 साली, आणि 1916 साली तो वारला. म्हणजे पंचवीस वर्षांच्या प्रतीक्षेनंतर सहा वर्षांचा मुक्काम. त्याचे कुटुंब 1919 साली मायदेशी परतले. टेकडीवरून भाट्याची खाडी आणि समुद्र दिसतो, आणि राजा दुर्बिणीतून जहाजे पाहत बसे असे तिथले लोक सांगतात. आज त्या इमारतीत शासनाचे वस्तुसंग्रहालय आहे, तेव्हा ती रिकामी म्हणता येणार नाही. पण संध्याकाळी पाहुणे गेल्यावर त्या लाकडी झरोक्यांखाली उभे राहिले की घर भरलेले असूनही रिकामे वाटते. तिथे राहणाऱ्याचे मन त्या घरात कधी नव्हतेच, हे त्याचे कारण असावे, असे मला तेव्हा वाटले होते आणि अजूनही वाटते.

आता समुद्राच्या गुणाविषयी. समुद्रकाठची इमारत मोडते तीच वेगळ्या रीतीने, आणि आपल्याला जे सौंदर्य वाटते त्यातील बराच भाग त्या मोडण्याचा असतो. वाऱ्यासोबत आलेले खारे तुषार दगडाच्या आणि चुन्याच्या छिद्रांत शिरतात, पाणी उडून गेले की आत मिठाचे स्फटिक धरतात, ते वाढताना छिद्रांच्या भिंतींना रेटतात, आणि दगडाचा पृष्ठभाग पिठासारखा झडू लागतो. म्हणून नक्षी पुसट होते, कडा गोल होतात. बिजागऱ्या, कड्या, गज अशा लोखंडी वस्तूंचे तर विचारूच नये. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कितीतरी पट होते, त्यामुळे दगडात बसवलेला साधा गजसुद्धा काही वर्षांत तो दगड फोडतो. त्यात रत्नागिरीला वर्षाकाठी 3000 मिलिमीटरांहून अधिक पाऊस, म्हणजे आपल्या वर्ध्याच्या जवळपास तिप्पट. भिंतींवर शेवाळ, फटींतून उगवलेले वड-पिंपळ आणि पश्चिमेकडची काळवंडलेली बाजू, हा सारा देखावा पाऊस आणि मीठ मिळून उभा करतात. घर तिथे दिसता दिसता झिजते.

आपल्याकडील मालगुजारांचे (गावचा सारा गोळा करणाऱ्या गावमालकांचे) वाडे तसे झिजत नाहीत, ते बसतात. पांढऱ्या मातीच्या तीन-तीन फूट जाडीच्या भिंती, वर सागवानी तुळया, त्यांवर फळ्या आणि मातीचे धाबे, म्हणजे सपाट छत. काळ्या जमिनीत पाया असेल तर ती जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, तेव्हा भिंत आधीच हललेली असते. मग धाब्यावरचे पाणी बाहेर टाकणारी परनाळ तुंबते, पाणी भिंतीच्या माथ्यातून आत उतरते आणि एका पावसाळ्यात बाहेरून धडधाकट दिसणारी भिंत ओल्या पोत्यासारखी खाली येते. राहतो तो मातीचा ढिगारा, आणि ढिगाऱ्यासमोर कोण अर्धा तास उभा राहील?

एक गंमत मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. तिकडे मीठ घराला खाते. इकडे वऱ्हाडात तेच मीठ घर राखत आले आहे. अकोला, अमरावती, बुलढाणा भागात पूर्णा नदीच्या खोऱ्यात जो खारपाणपट्टा, म्हणजे खाऱ्या पाण्याचा व जमिनीचा पट्टा आहे, तिथल्या लोकांना ‘खारी माती’ चांगली ठाऊक आहे. दरवर्षी मृगाच्या आधी ती धाब्यावर पसरत. या मातीतील क्षारांमुळे चिकणमातीचे कण पाण्यात सुटे होऊन बारीक छिद्रांत बसतात आणि थर बंद होतो, पाणी खाली झिरपत नाही. पण हा थर दरवर्षी द्यावा लागतो. वाड्यात चूल पेटत होती तोवर धुराने उधई (वाळवी) दूर राहत होती, आणि घरात गडीमाणसे होती तोवर धाब्यावर माती पडत होती. कुलूप लागले त्या वर्षापासूनच वाड्याची उलटी मोजणी सुरू होते. आपल्या देशमुखांच्या वाड्याच्या परनाळी आधी पाहा, एवढेच सांगतो.

बोडीकाठ (तालुका साकोली, जिल्हा भंडारा)

काकांनी दगडामातीचे सांगितले, मी आतून सांगते, कारण माझे आजोळच असे एक रिकामे घर आहे.

आमच्या झाडीपट्टीत समुद्र नाही, पण मालगुजारी तलाव आहेत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत, आणि त्यांतील कितीतरी कोहळी समाजाच्या लोकांनी खोदले. सरकारी कागदावर त्यांचे नाव ‘माजी मालगुजारी तलाव’, म्हणून लोक त्यांना लाडाने ‘मामा तलाव’ म्हणतात. आमच्या आजोबांचा वाडा अशाच एका तलावाच्या पाळीला लागून आहे. कवेलूंचे छप्पर, समोर लांबलचक ओसरी, आणि ओसरीवरून पावसाळ्यात पैलतीर दिसणार नाही एवढे पाणी. हिवाळ्यात बदके उतरतात, कमळे असतात, ढीवर बांधवांचे डोंगे फिरतात. पैलतीर धुक्यात गेला की आम्ही पोरे त्यालाच समुद्र म्हणत असू.

तेव्हा भाऊ, तुमच्या प्रश्नातील समुद्राचा भाग मला तरी खरा वाटतो. गल्लीतले बंद घर नुसते बंद दिसते. त्याच्या समोर दुसऱ्याची भिंत असते, नळ असतो, कोणाची तरी मोटरसायकल असते, आणि गाव त्याला आपल्या कामात ओढून घेते, तुमच्याकडच्या गोवऱ्यांप्रमाणे. पाण्यासमोरच्या घराला मात्र समोर कोणीच नसते. ते सतत पाण्याकडे पाहत बसलेले दिसते, आणि नुसते पाहत बसलेले कोणी दिसले की आपल्याला वाटते, हे कोणाची तरी वाट पाहत असणार. थिबा राजाची दुर्बीण काकांनी सांगितली, तेव्हा मला आमच्या आजीची ओसरीवरची खाट आठवली. तिलाही शेवटी शेवटी दिसत काहीच नव्हते, पण तोंड तलावाकडेच असे.

अलीकडे नागपूरहून लग्नाआधीचे फोटो काढणारी जोडपी तिथे येतात. मामा कोणालाही नाही म्हणत नाहीत. फोटोत पडलेली भिंत, तिच्यातून दिसणारे पाणी आणि लाल साडीचा पदर फार सुरेख दिसतो, हे मी नाकारत नाही. फक्त ती पडलेली भिंत बाळंतिणीच्या खोलीची आहे, माझ्या आईचा आणि तिच्या पाच भावंडांचा जन्म त्या खोलीतला आहे, आणि ती भिंत पडली त्या रात्री कोणी दुरुस्तीचे पैसे द्यायचे यावरून दोन मामांचे बोलणे कायमचे बंद झाले. फोटोत हे येत नाही. आतली वटवाघळांची दुर्गंधीही येत नाही.

तुम्ही त्या राजवाड्यासमोर अर्धा तास उभे राहू शकलात, कारण त्या घराच्या भांडणात तुमचा पक्ष नव्हता. मी माझ्या आजोळी दहा मिनिटेही तशी उभी राहू शकत नाही. आणि खरे सांगू, गेल्या वर्षी गोव्याकडे जाताना रस्त्यात एक जुना पोर्तुगीज धाटणीचा बंगला दिसला, तेव्हा मीही तुमच्यासारखीच गाडी थांबवून उतरले होते!

सालदाराचा नातू (तालुका पुसद, जिल्हा यवतमाळ)

सर्वांचे लिहिणे आवडले, पण एक बाजू राहून जाते आहे. माझे आजोबा अशाच एका वाड्यावर सालदार होते. अक्षय तृतीयेला साल ठरे आणि पुढच्या अक्षय तृतीयेपर्यंत ते माणूस त्या वाड्याचे. माझी आजी धान्य पाखडायला तिथे जाई, तिला ढेलजेच्या पुढे पाऊल टाकण्याची मुभा नव्हती. आतल्या चौकात काय आहे हे तिला आयुष्यभर इतरांकडून ऐकूनच माहीत होते.

तो वाडा ओस पडल्यावर, वयाच्या सत्तरीत, ती एकदा पडक्या भिंतीतून आत गेली. मी लहान होतो, तिचे बोट धरून होतो. तिने चौक पाहिला, तुळशीवृंदावन पाहिले, देवघराचा कोनाडा पाहिला, आणि बाहेर येऊन म्हणाली, “एवढंच होतं का?” रिकाम्या वाड्याची ओढ मलाही वाटते. मात्र माझ्या ओढीत त्या बंद दाराचा वाटा मोठा आहे, आणि ते दार काही वाडा रिकामा झाल्यावर बंद झालेले नव्हते. नवाबांच्या फाटकाबाहेर आपण उभे राहिलात तेव्हा, आपल्या नकळत, माझ्या आजीच्या जागी उभे होतात.

वकिलीचा धंदा (अचलपूर, जिल्हा अमरावती)

आधी एक दुरुस्ती. अभियंता साहेबांनी ‘आपल्याकडील मालगुजारांचे वाडे’ असे सरसकट म्हटले, ते त्यांच्या वर्ध्यापुरते बरोबर आहे. नागपूर, वर्धा, भंडारा आणि जुना चांदा जिल्हा हा मध्य प्रांतातील मालगुजारीचा मुलूख. ती मालगुजारी 1950 च्या कायद्याने संपली आणि 31 मार्च 1951 पासून ती गावे व तलाव सरकारजमा झाले. आमचे वऱ्हाड 1853 साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले, आणि येथे मुख्यतः रयतवारी, म्हणजे सारा थेट शेतकऱ्याकडून घेण्याची पद्धत राहिली. म्हणून इकडे मालगुजार नव्हेत, तर देशमुख, देशपांडे आणि पाटील यांचे वाडे. फरक बारीक वाटेल, परंतु वाडे ओस का पडले हे समजायला तो उपयोगी आहे. मालगुजाराचे उत्पन्न जवळपास एका दिवसात गेले. वऱ्हाडातील वतनदारांचे मात्र हप्त्याहप्त्याने गेले: आधी वतने, मग 1961 च्या कमाल जमीनधारणेच्या कायद्याने जमीन, आणि त्यानंतर नोकरीसाठी नागपूर-पुण्याला गेलेली मुले.

आता मुद्द्याकडे. वाचकांना रुचणार नाही कदाचित, पण माझ्या अनुभवात रिकाम्या वाड्यामागचे गूढ बहुधा कपाटातल्या एका फायलीत असते. आजोबांच्या नावावरचे घर, सहा वारस, त्यांतील दोघे हयात नाहीत म्हणून त्यांचे पुन्हा सात वारस, हक्कसोड पत्रावर सही द्यायला एक जण तयार नाही, आणि वाटणीचा दावा चालू. विकता येत नाही आणि दुरुस्तीचा खर्च आपण एकट्याने का करावा, असे प्रत्येकाला वाटते. म्हणून कुलूप. ताईंच्या मामांची गोष्ट मी वेगवेगळ्या आडनावांनी शंभरदा ऐकली आहे.

समुद्रकाठच्या मोठ्या घरांचेही यापेक्षा निराळे नसते, फक्त पक्षकार मोठे असतात. मुंबईच्या मलबार हिलवरील जिना हाऊस पाहा. वास्तुरचनाकार क्लॉड बॅटली यांच्या आराखड्यानुसार 1936 च्या सुमारास बांधलेले, इटालियन संगमरवर आणि अक्रोडाच्या लाकडाचे काम असलेले, समुद्राकडे तोंड असलेले घर. सप्टेंबर 1944 मध्ये गांधी आणि जिना यांच्या वाटाघाटी याच घरात झाल्या. फाळणीनंतर बरीच वर्षे तिथे ब्रिटिश उप-उच्चायुक्तांचा मुक्काम होता, आणि 1980 च्या दशकाच्या आरंभी ते निघून गेल्यापासून घर बहुतेक काळ रिकामेच राहिले. पाकिस्तान त्याच्यावर हक्क सांगत आला, भारत सरकारने तो कधी मानला नाही, आणि जिनांच्या कन्येने 2007 साली मुंबई उच्च न्यायालयात स्वतःचा दावा आणला; त्या 2017 साली वारल्या. एवढ्या मोलाची जागा इतकी वर्षे रिकामी राहिली यात भुताखेताचा काही संबंध नाही.

उलट जिथे कागद स्वच्छ असतो, तिथे घर रिकामे राहत नाही, ते राहतच नाही. त्याच मलबार हिलवरील डॉ. होमी भाभा यांचा ‘मेहरांगीर’ हा बंगला 2014 साली लिलावात 372 कोटी रुपयांना गेला. तो स्मारक म्हणून राखावा अशी मागणी झाली, तरी 2016 साली पाडला गेला. तेव्हा ज्या ओसाड घरासमोर आपण हळहळतो, ते बहुधा भांडणामुळेच अजून उभे असते. मला स्वतःला हे मान्य करायला बरीच वर्षे लागली.

आपल्या मित्राविषयी: किनाऱ्यावर बांधकामासाठी 1991 पासून किनारपट्टी नियमन क्षेत्राचे नियम आहेत, ते 2011 आणि 2019 साली बदलले. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीच्या रेषेपासून ठरावीक अंतरापर्यंत नवे बांधकाम करता येत नाही. जुनी अधिकृत इमारत असेल तर तिची दुरुस्ती किंवा मूळ जोत्यावर आणि मूळ क्षेत्रफळात पुनर्बांधणी करता येते, पण ‘अधिकृत’ हा शब्द सिद्ध करावा लागतो. मित्राने प्रथम मिळकतीचे सर्व वारस कोण, दावा प्रलंबित आहे काय आणि भरतीरेषेपासून अंतर किती, हे तपासावे. दलाल दाखवेल त्या सूर्यास्तावर इसार देऊ नये. आणि तपासणीच्या निमित्तानेही कुलूपबंद आवारात परवानगीवाचून शिरू नये. मालक दिसत नाही याचा अर्थ मालक नाही असा होत नाही.

काळीमाती (तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ)

सर्वांचे आभार. वकील साहेबांचे उत्तर मित्राला वाचून दाखवले. त्याने बराच वेळ काही न बोलता ऐकले आणि शेवटी विचारले की हयात चार आणि मागचे सात मिळून अकरा वारस एका खोलीत बसवायचे कसे. बंगल्याचा विषय त्यानंतर त्याने काढलेला नाही.

पुसदच्या भाऊंचे लिहिणे मात्र दोन दिवस डोक्यातून गेले नाही. आमच्या गावच्या वाड्यात मी लहानपणी गेलो होतो असे मला आजवर वाटत होते. नीट आठवून पाहिले, तर मीदेखील ढेलजेतच बसलो होतो. वडील सारा भरण्याच्या काही कामासाठी गेले होते आणि त्यांनाही आतून पाणी तिथेच आणून दिले होते. मग देशमुखांच्या नागपूरच्या मुलाला फोन केला. आधी त्याला वाटले की मी जागा मागतो आहे. परनाळीचे सांगितल्यावर तो गप्प झाला, आणि मग म्हणाला, “किल्ली गुरवाकडे आहे, तुम्ही पाहून घ्या.”

रविवारी गुरवासोबत आत गेलो. चौकात हातभर गवत होते. चारांपैकी तीन परनाळी तुंबलेल्या निघाल्या आणि एकीत मनगटाएवढा पिंपळ धरला होता. तो मी कापला नाही, कारण मुळे भिंतीत कुठवर गेली आहेत हे कळेना. बाकीच्या तीन मोकळ्या केल्या. माजघरावरचे धाबे एका कोपऱ्यात खचले आहे, मधल्या दोन तुळया मात्र ठोकून पाहिल्या तर खणखणीत वाजल्या.

अभियंता काका, दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पिंपळ भिंतीला धक्का न लावता कसा काढावा? आणि आमच्या दारव्ह्याकडे खारपाणपट्टा नाही, तेव्हा धाब्यासाठी खारी माती अकोल्याकडून ट्रॅक्टरने आणावी लागेल, की इथल्या पांढरीच्या मातीवर भागेल? रोहिणी लागण्यापूर्वी कळवले तर बरे होईल.